सोलापूरचे चार दिवस आणि एक प्रार्थना

गुरुवार, २३ जानेवारी २०२५

इंद्रायणी एक्सप्रेसने साडेनऊच्या सुमारास पुणे सोडलं. खिडकीची जागा मी मुद्दाम मागून घेतली होती. दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. गाडी तिथे थांबत नाही, तरी या मार्गाने जाताना केडगाव आलं की माझा हात आपोआप जोडला जातो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, अंध बायका यांना त्यांनी तिथे घर दिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. १९२२ साली, डोळे मिटण्याच्या थोडं आधी, ते पुरं झालं.

आज मात्र मला रमाबाईंची दुसरीच गोष्ट आठवत होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचं पंथांच्या चौकटीशी कधी जमलं नाही. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या आईसारखं मानत, त्यांच्याशीसुद्धा त्यांनी पत्रांतून खडाजंगी केली. ख्रिस्त हवा, पण माणसांनी घातलेली कुंपणं पटत नाहीत, असा तो सगळा वाद. मी ती पत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हा आईची आठवण येऊन रडले होते. त्याचं कारण पुढे सांगते.

सोलापूरला निघाले होते ते ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहासाठी. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी जगात बहुतेक ठिकाणी तो पाळला जातो. १९०८ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. १९६८ पासून त्याचा मजकूर व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून ठरवतात. पुण्यातही प्रार्थना होतात, पण सोलापूरच्या मंडळ्यांनी, म्हणजे वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी, शेवटचे तीन दिवस एकत्र घालवायचे ठरवले होते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि थोडी मल्याळी अशा पाच भाषांत उपासना होतात. एवढे सगळे एका छताखाली आले तर काय होईल, ते मला बघायचं होतं.

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी उन्हात लखलखत होतं. कुर्डुवाडीला चहा घेतला. दुपारी दीड वाजून गेल्यावर सोलापूर आलं, आणि जानेवारी असूनही ऊन पाठीला टोचत होतं.

उतरले ती अक्कांकडे, अशोक चौकाच्या बाजूला. अक्का म्हणजे माझ्या जुन्या मैत्रीण. महिलांच्या एका शिबिरात ओळख झाली आणि ती टिकली. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, शेजारणीशी कन्नड. वाक्याच्या मध्यावर भाषा बदलते आणि त्यांना कळतही नाही. दारात पाण्याची पिंपं भरून ठेवलेली, कारण नळाला रोज पाणी येत नाही. तरी मला म्हणाल्या, “ताई, आंघोळीला गरम पाणी काढलंय, संकोच करू नका की.” जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि वांग्याची भाजी. कडक भाकरी मोडताना जो आवाज होतो ना, तो ऐकला की सोलापुरात आल्याची खात्री पटते.

अक्कांच्या सासूबाई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळल्या. आता कारखान्याचं काम सुटलं, पण बोटांना सवय राहिली आहे. बोलता बोलता समोरचा कागद, पान, हाती येईल ते त्या वळत राहतात.

संध्याकाळी रंगभवनाजवळच्या जुन्या चर्चमध्ये पहिली उपासना. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात दीडशेहून अधिक वर्षांपासूनचं. त्या मिशनच्या मंडळ्या आधी १९२४ साली संयुक्त मंडळीत गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यातही आल्या. मी त्याच मंडळीची. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र तेव्हा ऐनवेळी बाहेर राहिली. त्या मेथॉडिस्ट मंडळीचे कन्नड पाळक आज वेदीजवळ आमच्या पाळक साहेबांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या पलीकडे कॅथलिक फादर, मग पेंटेकॉस्टल मंडळीचे तरुण पास्टर, आणि टोकाला तेलुगू मंडळीचे एक वयस्कर वडील.

भजनं झाली, शास्त्रपाठ झाले. मग सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. आणि जे होणार हे मला लहानपणापासून माहीत होतं, तेच झालं. “आम्हाला वाइटापासून सोडव” इथपर्यंत सगळं चर्च एका आवाजात आलं. तिथे कॅथलिक थांबले. आम्ही पुढे गेलो, “कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.” डावीकडचे सगळे बाक गप्प आणि उजवीकडचे चालूच. दोन-तीन श्वासांचं अंतर, बस. आमेन पुन्हा सगळ्यांनी मिळून म्हटलं.

आमच्या नगरच्या घरात रोज रात्री हेच व्हायचं. आई कॅथलिक, श्रीरामपूरकडची. वडील आमच्या मंडळीतले. १९६१ साली त्यांनी लग्न केलं, तेही वडिलांच्या पाळकांपुढे. त्या काळी कॅथलिक मुलीने असं लग्न केलं की तिला कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, बंद व्हायचं. आईचं झालं. मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, ती जायची आणि सगळे वेदीकडे निघाले की शेवटच्या बाकावर बसून राहायची. माझे मामा बहिणीच्या लग्नाला आले नाहीत. यावं असं मनात असलं तरी दुसऱ्या पंथाच्या उपासनेत सामील व्हायला मनाई होती, आणि मामा तेव्हा बावीस वर्षांचे, घरातल्या मोठ्यांच्या धाकात. वडील प्रार्थना शेवटपर्यंत म्हणायचे. आई “सोडव” वर थांबायची, डोळे मिटून वडिलांचं संपायची वाट बघायची, आणि मग आमेन. आम्ही मुलं कधी आईबरोबर थांबायचो, कधी वडिलांबरोबर पुढे जायचो. त्यावर दोघांपैकी कुणीही आम्हाला एकदाही टोकलं नाही.

रात्री अक्कांनी सोलापुरी चादर अंगावर टाकली. जड, उबदार. पण झोप उशिरा आली.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळी कॅथलिक शाळेच्या हॉलमध्ये अभ्यासाचं सत्र. या वर्षीचा विषय होता येशूने मार्थेला विचारलेला प्रश्न. भाऊ लाजर मेलेला आहे, ती दुःखाने चूर आहे, आणि येशू तिला विचारतो, हे तू खरं मानतेस का? इटलीतल्या बोझे इथल्या बंधूभगिनींनी यंदाचा मजकूर तयार केला होता. हा प्रश्न निवडायचं कारण म्हणजे इसवी सन ३२५ मधल्या निकेयाच्या परिषदेला यंदा १७०० वर्षं होतात. आम्ही सगळे उपासनेत जो विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा पाठ, म्हणतो त्याचा पाया तिथे घातला गेला. योगायोग असा की या वर्षी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचं ईस्टरही एकाच दिवशी आहे, २० एप्रिलला.

फादरांनी फार सोपं करून सांगितलं. निकेयाला जमलेल्यांपैकी कितीतरी बिशप छळातून वाचलेले होते. अंगावर वळ घेऊन ते आले होते आणि भांडलेही कडाडून. “एकत्र येणं म्हणजे भांडण न होणं, असं त्यांनी मानलं नाही,” एवढं बोलून फादर खाली बसले. मग एका मल्याळी नर्सने हात वर केला. ती ऑर्थोडॉक्स, पूर्वेकडच्या परंपरेची. म्हणाली, “तुम्ही सगळे म्हणता, पवित्र आत्मा पित्यापासून व पुत्रापासून निघतो. आम्ही फक्त पित्यापासून म्हणतो. उद्या मी काय म्हणू?” हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. ‘व पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेकडच्या चर्चने नंतर घातले, ३८१ सालच्या पाठात ते नव्हते. बाराशे पानांच्या ग्रंथांत ज्यावर वाद झाले, तो प्रश्न एका मुलीने नाइट ड्युटी करून येऊन इतक्या साधेपणाने विचारला. पाळक साहेब आणि फादर एकमेकांकडे वळले, दोन मिनिटं हळू बोलले. मग पाळक साहेबांनी सांगितलं की उद्या सगळे मूळ पाठच म्हणू.

पण सकाळचा खरा भाग त्यानंतर आला. गटागटाने बसून एकमेकांबद्दल मनात काय आहे ते बोलायचं होतं. आमच्या गटात ते पेंटेकॉस्टल पास्टर होते. आम्ही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो, ते त्यांना पटत नाही, त्यावर ते बोलतील असं मला वाटलं होतं, आणि ते बोललेही. आमच्यातल्या एका वडिलांनीही सुनावलं, “आमची मेंढरं तुमच्या कळपात जातात, तेव्हा निदान आमच्या पाळकांना एक फोन तरी करा.” पास्टरांनी ते ऐकून घेतलं. थोडा वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्यातलं माणूस गेलं की आम्ही कब्रस्तानासाठी दारोदार फिरतो. तुमच्या मिशनांच्या जुन्या जागा आहेत. आमची मंडळी नवी, आम्हाला जागा नाही. मागच्या पावसाळ्यात एका आजींना ठेवायला दुपारपासून रात्र झाली. त्यांची नात मला विचारत होती, पास्टर, आजीला कुठे नेताय?”

कुणी काही बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. जिवंतपणी वेगळं बसणं मी समजू शकते, भाषा वेगळी, भजनं वेगळी. पण मेलेल्या माणसाला मातीसाठी ताटकळत ठेवायचं, आणि तेही आपणच, हे ऐकून मला लाज वाटली. कारण आमच्याही मंडळीच्या बैठकांत असे अर्ज आलेले मी पाहिले आहेत. ‘सभासद नाही’ एवढा शेरा मारून ते बाजूला ठेवताना मी हात वर केलेला नाही.

त्या वडिलांनी, ज्यांनी आत्ताच मेंढरांवरून सुनावलं होतं, खिशातून डायरी काढली. पास्टरांचा नंबर लिहून घेतला. “फेब्रुवारीत आमच्या कमिटीची बैठक आहे. अर्ज माझ्याकडे आणून द्या, टपालाने पाठवू नका. मी स्वतः वाचून दाखवतो.” पास्टर म्हणाले, “आणि पुढच्या वेळी तुमचं कुणी आमच्याकडे आलं, तर मी फोन करतो.”

जेवणाआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. आपली एक विनंती लिहायची, नाव घालायचं नाही, टोपलीत टाकायची, आणि दुसऱ्याची उचलून वर्षभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. अक्कांच्या सासूबाई लिहू शकत नाहीत. त्यांनी अक्कांच्या मुलीकडून कानात सांगून लिहवून घेतली. मग चिठ्ठी बोटांत धरली, कोपरा दुमडला, अंगठ्याने पुढे ढकलत घट्ट वळली, टोक नखाने आत मुडपलं आणि पदराचा एक धागा तोडून बांधली. हे सगळं इतक्या भराभर झालं की शेजारच्या सिस्टर बघतच राहिल्या. टोपलीत बाकीच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्यावर ही एक कागदाची विडी.

आणि टोपली फिरत माझ्याकडे आली तेव्हा माझ्या हाताला तीच लागली.

संध्याकाळी मोकळा वेळ होता. अक्का मला होम मैदानावर गड्ड्याला घेऊन गेल्या. संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांचा सोहळा होऊन गेला होता, पण पाळणे आणि दुकानं अजून होती. अक्का म्हणाल्या, लहानपणापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. आम्ही बांगड्या घेतल्या, भेळ खाल्ली आणि तळ्याच्या काठाने परत आलो.

घरी आल्यावर चिठ्ठी सोडली. तेलुगूत होती. अक्का वाचून दाखवायला पुढे झाल्या, तेवढ्यात आजी ओसरीवरून म्हणाल्या, “वाचू नको. देवाला तेलुगू येतंय.”

मी चिठ्ठी परत वळली. त्यांच्यासारखी जमली नाही. त्यांनी माझ्या हातातून घेऊन नीट करून दिली.

शनिवार, २५ जानेवारी

संत पौलाच्या परिवर्तनाचा सण. सप्ताहाचा शेवट याच दिवशी असतो.

सकाळी गायनाची तालीम. पाच मंडळ्यांचे गायक, तीन हार्मोनियम, दोन ढोलक, एक कीबोर्ड आणि तेलुगू मंडळीचे डफ. तासभर सूरच जुळेना. शेवटी कुणीतरी नारायण वामन टिळकांचं भजन सुरू केलं आणि काय सांगू, कॅथलिक सिस्टरांपासून कन्नड मुलांपर्यंत सगळ्यांना ते येत होतं. टिळक आमच्या मिशनचे. पण १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र बसू शकत. दोन वर्षांत ते गेले आणि दरबारही उठला. भजनं मात्र कुणाच्याही कुंपणात राहिली नाहीत. टाळ लागले तसे तेलुगू डफवाले आपोआप त्या ठेक्यात आले.

संध्याकाळच्या उपासनेला बाक पुरले नाहीत, मागे सतरंज्या घातल्या. विश्वासांगीकार मूळ पाठाप्रमाणे म्हटला. ‘पित्यापासून’ वर आलो आणि माझी जीभ सवयीने पुढे घसरणार तोच मी ती आवरली. दोन बाक पुढे ती नर्स उभी होती. तिचा आवाज ऐकू आला नाही, पण पाठ ताठ झालेली दिसली.

प्रभुभोजन नव्हतं. ते एकत्र घेता येत नाही, अजून नाही. फादरांनी ते लपवलं नाही. म्हणाले, “आज या मेजावर भाकर नाही, हे मला दुखतं. तुम्हालाही दुखू द्या.” मेजावर फक्त एक रिकामं ताट ठेवलं होतं. मी त्या ताटाकडे पाहत होते आणि मला शेवटच्या बाकावर बसलेली माझी आई दिसत होती.

मग प्रभूची प्रार्थना. माझ्या शेजारी एक वयस्क सिस्टर होत्या, कालपासून माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोललेल्या नव्हत्या. “वाइटापासून सोडव” आलं. आज मी थांबले. ठरवलं नव्हतं. आई थांबायची तिथे थांबले, डोळे मिटले. आणि शेजारून, अगदी हळू, अडखळत आवाज आला, “कारण राज्य... सामर्थ्य... व गौरव...” सिस्टर म्हणत होत्या. पुढचे शब्द त्यांना नीट येत नव्हते, मागच्या बाकांवरून ऐकून त्या म्हणत होत्या. मी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमेन आम्ही दोघींनी हात धरून म्हटलं. त्यांचा हात भाकऱ्या थापणारीचा असतो तसा राकट होता.

प्रीतिभोजन अंगणात. मटणाचा रस्सा, भाकरी, भात, शाकाहारींसाठी पिठलं, आणि कन्नड मंडळीने केलेल्या शेंगापोळ्या. तेलुगू वडील वाढायला उभे होते, ते कुणाला नाही म्हणू देत नव्हते. पेंटेकॉस्टल पास्टर आणि आमचे डायरीवाले वडील एकाच पंगतीत. वडील त्यांना भाकरी कुस्करून रस्सा कसा ओतायचा ते दाखवत होते, जणू सोलापूरच्या माणसाला ते शिकवायची गरज होती.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेला गेले. वेदीकडे रांग निघाली तेव्हा बसून राहिले. शेवटच्या बाकावर. मिस्सेनंतर अंगणात ध्वजारोहण झालं, मुलांना लाडू वाटले.

स्टेशनला जाताना रिक्षावाल्याला हुतात्मा चौकावरून न्यायला सांगितलं. चारही पुतळ्यांना ताजे हार होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. रिक्षावाला थांबला, त्यानेही हात जोडले.

अक्का आणि आजी पोहोचवायला आल्या होत्या. आजींनी माझ्या बायबलला हात लावून पाहिला, चिठ्ठी आत आहे ना म्हणून. आहे, मी दाखवली.

दुपारची इंद्रायणी. कुर्डुवाडी गेल्यावर मामांना फोन लावला. ते आता श्याऐंशीचे आहेत, श्रीरामपूरलाच असतात. १९६४ च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनच्या परिषदेने ऐक्याचा ठराव केला, आणि मग हळूहळू सैलावत गेलं. मामा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते १९६७ च्या नाताळात. मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की आई दार उघडून तशीच उभी राहिली आणि वडील आतून म्हणाले, अगं, त्यांना आत तरी घे.

मामांना मी त्या सिस्टरांचं सांगितलं. त्या पुढचे शब्द म्हणाल्या आणि मी थांबले, ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

“मामा?”

“ऐकतोय,” ते म्हणाले. आवाज जड झाला होता. मग खाकरले. “शेंगाची चटणी घेतलीस का? तुझ्या आईला फार आवडायची.”

“घेतली, मामा. दोन पाकिटं घेतली. एक तुमचं.”